मुदतीचं बिऱ्हाड

सुके बोंबील चालतात, साजूक तूप चालत नाही. पनवेलहून दोन-तीन वर्षांसाठी जर्मनीला निघालेल्या घरात बॅगा भरताना हा नियम पहिल्यांदा ऐकला की आजीचा त्यावर विश्वास बसत नाही. पण युरोपीय संघाचा कायदा तसाच आहे. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पनीर बाद. मासळी मात्र माणशी वीस किलोपर्यंत नेता येते. ताजी फळं-पानं न्यायची तर रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सुटका फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे आंबा आणि कढीपत्ता इथेच राहतो, नारळ जातो. त्यातही सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत ठेवलं तर आपल्याच विमानतळावर काढून घेतात. ते तेलकट असतं, सहज पेट घेतं, म्हणून २०२२ पासून त्याला बंदी आहे.

पनवेल, खारघर, कामोठे या पट्ट्यात आता असं एखादं तरी घर प्रत्येक सोसायटीत सापडतं. मुलगा, सून आणि नातवंडं कंपनीच्या कामावर बाहेर, आणि फ्लॅट भाड्याने दिलेला किंवा किल्ली शेजारच्या काकूंकडे. कायमचं देश सोडून जाणं पनवेलला नवं नाही. १८४९ मध्ये बांधलेलं इथलं बेथ एल सिनेगॉग अजून उभं आहे, पण तिथे प्रार्थनेला जमणारी बेने इस्राएली कुटुंबं बहुतांशी इस्राएलला गेली आणि तिथेच रुजली. मी लिहितोय ते वेगळ्या जाण्याबद्दल. इथे परतीची तारीख निघतानाच ठरलेली असते, निदान ठरली आहे असं मानलेलं असतं. नायगारा आणि आयफेल टॉवरची प्रवासवर्णनं आपल्याकडे भरपूर आहेत. या मधल्या काळातलं रोजचं जगणं कशावर चालतं, ते मात्र फारसं कुणी लिहीत नाही. माझ्या मते ते मुदतींवर चालतं. किती दिवस राहणार, या एका प्रश्नाच्या उत्तरावर कर, विमा, शाळा, गाडी आणि सहलसुद्धा ठरते.

उदाहरणासाठी श्टुटगार्ट घेऊ. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी आहे, त्याचा महाराष्ट्राशी २०१५ पासून भागीदारीचा करार आहे आणि २०२४ मध्ये त्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याच्या कराराची भर पडली. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश या तिन्ही कंपन्यांची मुख्यालयं या शहरात किंवा शहराला लागून आहेत. चाकणला मर्सिडीजचा कारखाना २००९ पासून आहे. तेव्हा पुणे-मुंबई पट्ट्यातला इंजिनिअर तिकडे जाणं ओघानेच आलं.

पहिली मुदत भारतातच सुरू होते. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर त्या वर्षापुरता तो प्राप्तिकराच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. म्हणून सप्टेंबरअखेरच्या आधी निघायचं की दिवाळी करून, हा प्रश्न भावनेचा वाटला तरी सीएला विचारण्याचा असतो. परकीय चलनाच्या कायद्याला मात्र १८२ दिवसांशी देणंघेणं नाही. नोकरीसाठी बाहेर पडलात की त्याच्या लेखी तुम्ही अनिवासी, मग साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्यावं लागतं. पीपीएफचं जुनं खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. घर भाड्याने दिलं असेल तर आणखी एक पाचर असते. मालक अनिवासी झाला की भाड्यातून कर कापून सरकारजमा करायची जबाबदारी भाडेकरूवर येते. हे ना मालकाला ठाऊक असतं ना भाडेकरूला. दोन वर्षांनी नोटीस आली की दोघे एकमेकांकडे बघतात.

तिकडे पोचल्यावर घड्याळ जास्त जोरात चालतं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि तिथल्या मराठी घरांत हा शब्द रेशनकार्डाइतक्या सहजपणे तोंडी येतो. नोंदीसाठी ही माणसं माझ्या घरात राहतात असं घरमालकाने सही करून द्यावं लागतं. नोंद नाही तर करक्रमांक नाही, आणि करक्रमांक नाही तर पगारातून सगळ्यात वरच्या दराने कर कापला जातो. करक्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचे कागद, सगळं टपालानेच येतं. टपाल येण्यासाठी पत्रपेटीवर आडनाव हवं. आपल्याकडे पोस्टमन ‘तिसऱ्या मजल्यावरचे पाटील’ एवढ्यावर घर शोधतो. तिकडे फ्लॅटला बहुधा नंबरच नसतो, पेटीवरचं आडनाव हाच पत्ता.

आणि आपलं नाव तिकडच्या कारकुनाला चक्रावून टाकतं. समजा नवऱ्याचं नाव संदीप. बायको मीनल संदीप, मुलगी ईशा संदीप, मुलगा आरव संदीप. पासपोर्टवर ही दोन्ही नावं ‘दिलेलं नाव’ या एकाच रकान्यात असली की कारकून ती दोन्ही त्या व्यक्तीचीच समजतो. मग अख्ख्या कुटुंबात प्रत्येकाला संदीप हे नाव का, बाईलासुद्धा का, हे समजावून सांगण्यात पहिली काही मिनिटं जातात. मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं लावायची आपली पद्धत किती एकतर्फी आहे, हे पनवेलमध्ये कधी खुपत नाही. परक्या खिडकीपाशी उभं राहून ती समजावताना खुपतं.

व्हिसाच्या कागदात परतीची तारीखही दडलेली असते. कंपनीच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत बदलीवर आलेल्यांना मिळणारं आयसीटी कार्ड व्यवस्थापक आणि तज्ज्ञांना जास्तीत जास्त तीन वर्षांचं, शिकाऊ कर्मचाऱ्याला एका वर्षाचं. नोकरी थेट जर्मन कंपनीत असेल आणि उच्चशिक्षितांना मिळणारं ब्लू कार्ड असेल तर गोष्ट बदलते. सत्तावीस महिन्यांनी, आणि जर्मन बी-वन पातळीपर्यंत येत असेल तर एकवीस महिन्यांनीच, कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोन मराठी कुटुंबांपैकी एक दिवस मोजून परतायच्या तयारीत असतं, दुसरं महिने मोजून राहायच्या. दोघांच्या घरातलं फर्निचर बघितलं तरी कोण कुठल्या कार्डावर आहे ते कळतं.

निवृत्तिवेतनाचा हिशेब आणखी वेगळा. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भारतातल्या कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या माणसाचा पीएफ इथे चालू असेल, तर ४८ महिन्यांपर्यंत त्याला जर्मन पेन्शन विम्यात पैसे भरावे लागत नाहीत. त्यासाठी पीएफ कार्यालयाचं प्रमाणपत्र निघण्याआधी घेतलेलं बरं, कारण नंतर ते मागवताना मनुष्यबळ विभाग आणि आपण यांच्यात ईमेलचा भला मोठा धागा तयार होतो. आजारपणाचा विमा मात्र चुकत नाही. त्याशिवाय परवानाच मिळत नाही. सरकारी धर्तीच्या विम्यात नोकरी न करणारा जोडीदार आणि मुलं जास्तीचा हप्ता न भरता येतात, हे आपल्याकडच्या मेडिक्लेमची सवय असलेल्यांना पहिल्यांदा खोटंच वाटतं.

घराचं म्हणाल तर जाहिरातीतलं भाडं दोन प्रकारचं असतं, थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसती जागा. गरम म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, जिन्याची साफसफाई वगैरे. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढीच घेता येते, असा कायदा आहे. मात्र बऱ्याच घरांत ओटाच नसतो. आधीचा भाडेकरू सिंक, कपाटं आणि शेगडी उचलून घेऊन जातो, कारण ती त्याची असतात. दोन वर्षांसाठी आलेल्या माणसाने नवा ओटा बसवायचा की महागडं सुसज्ज घर घ्यायचं, हा पहिल्या महिन्यातला सगळ्यात मोठा खर्चाचा निर्णय.

मग घराचे नियम येतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी दिवसभर. नारळाची चटणी मिक्सरला लावायची तर शनिवारीच. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून घर हवेशीर करायचं, हे पुष्कळ करारनाम्यांत लिहिलेलंच असतं. त्यामागे कारण आहे. घट्ट बंद, गरम घरात भाताची वाफ, अंघोळीची वाफ आणि वाळत घातलेले कपडे यांचा ओलावा थंड भिंतींवर बसतो आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. पनवेलच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला बुरशीचं काय कौतुक? पण तिथे ती निघाली तर अनामतीतून पैसे कापले जातात.

श्टुटगार्टच्या मुलखातल्या, म्हणजे श्वाबियन, लोकांची खास गोष्ट म्हणजे केअरवोखं, झाडलोटीचा आठवडा. जिना, अंगण आणि समोरचा पदपथ झाडायची पाळी दर आठवड्याला एका घराकडे येते आणि तशी पाटी दारावर लटकते. या प्रथेचं मूळ पंधराव्या शतकाच्या अखेरीस श्टुटगार्टमध्ये निघालेल्या स्वच्छतेच्या आदेशात सांगतात. शहराने आपल्या नियमांतून ती काढून टाकली तरी भाडेकरारांतून ती टिकून आहे. डॉक्टर असो की कारखान्यातला फिटर, पाटी आली की झाडू हातात. आपल्याकडे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सफाईवरून जी भांडणं होतात ती पाहिली की मला ही पाटी पनवेलला आणावीशी वाटते. चार दिवसांत कुणीतरी बाईंना पैसे देऊन ती पाळी उरकायला लावेल, हेही माहीत आहे.

खाण्याची सोय माणसं लवकर लावून घेतात. क्वार्क नावाचं ताजं, आंबटसर चीज कापडात बांधून निथळलं की श्रीखंडाचा चक्का तयार होतो. रव्याला ग्रीस म्हणतात आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो. नवलकोल आपल्याकडे भाजीबाजारात मागे पडलेला असतो. तिकडे कोलराबी म्हणून मुलं तो कच्चाच खातात. श्वाबियन लोकांचं रोजचं जेवण म्हणजे मसूर आणि श्पेट्झलं नावाच्या जाड शेवया, त्यावर सॉसेज. सॉसेज बाजूला काढलं आणि मसुरीला लसणाची फोडणी दिली की पनवेलकराची तक्रार उरत नाही. कॅन आणि बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की पावती मिळते. घरातली मुलं हे काम आनंदाने अंगावर घेतात आणि त्यातून खाऊचे पैसे काढतात.

मुलांच्या बाबतीत मुदतीचा प्रश्न सगळ्यात नाजूक होतो. जर्मनीत शाळा सक्तीची आहे आणि घरी शिकवण्याला परवानगी नाही. दोनच वर्षं आहोत, ऑनलाइन भारतीय शाळा करू, हा मार्ग बंद. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ३० जूनपर्यंत सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल त्या सप्टेंबरात पहिलीत जातं. बालवाडीत किंवा शाळेत जाण्याआधी गोवराची लस घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. तसा कायदा १ मार्च २०२० पासून आहे. आपल्या सरकारी दवाखान्यातल्या लसीकरण कार्डाची किंमत तेव्हा कळते. ते पिवळं पडलेलं कार्ड पनवेलच्या कपाटात राहिलं असेल तर आजोबांना फोटो काढून पाठवावा लागतो. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी शाळांत तयारीचे वर्ग असतात. सहा-आठ महिन्यांत मूल शाळेच्या मैदानावर जर्मन बोलायला लागतं, आणि आई-बाप त्याच्याकडून दुकानातल्या पाट्या वाचून घेतात. शाळेत मुलं चालत, बरीचशी एकटीच जातात. गाडीने दारात सोडणाऱ्या पालकांना शाळेकडूनच समज मिळते.

चौथीनंतर मुलांच्या शाळांचे वेगवेगळे मार्ग होतात. तोवर परतलात तर एक बरं, नाहीतर निर्णय अवघड होत जातो. हा पेच शंभर वर्षांपूर्वीही होता. धर्मानंद कोसंबी हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम करत होते. १९१८ मध्ये ते थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना घेऊन अमेरिकेतल्या केंब्रिजला गेले. पत्नी बाळाबाई इकडेच राहिल्या. वडील १९२२ मध्ये परतले तरी मुलगा शाळेसाठी मागे थांबला. पुढे हार्वर्डमधून १९२९ मध्ये पदवी घेऊन तो भारतात आला, आणि गणिती व इतिहासकार दा. ध. कोसंबी म्हणून आपल्याला माहीत झाला. त्यांनी आपलं बहुतेक लेखन इंग्रजीतून केलं. वडिलांची मराठी मात्र आजही वाचत राहावी अशी. बापाचा तात्पुरता मुक्काम मुलाची भाषा कायमची बदलून टाकू शकतो, याचं याहून ठळक मराठी उदाहरण मला ठाऊक नाही.

गाडीचं प्रकरण आधी कुणी नीट सांगत नाही. पनवेल आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला की तो वर्षभर चालतो, असं लोक समजतात. कागदावर तसं लिहिलेलंही असतं. पण जर्मनीत राहायला आलेल्या माणसाला भारतीय परवान्यावर सहाच महिने गाडी चालवता येते. वर्षाच्या आत परतणार हे पटवून दिलं तर ही मुदत वाढवून मिळू शकते. नाहीतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा पुन्हा द्यायच्या, भारतात वीस वर्षं गाडी चालवली असली तरी. शिकवणीचे तास, शुल्क आणि परीक्षा मिळून खर्च हजारो युरोंच्या घरात जातो. तीन वर्षांसाठी हा खर्च करावा का? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी केला नाही आणि रेल्वेवर भागवलं. मला तोच शहाणपणा वाटतो.

कारण रेल्वे तशी आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालेलं डॉइचलांड-टिकिट २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ मध्ये ६३ युरो झालं, तरी महिनाभर देशभरच्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात. वेगवान आयसीई त्यात नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. या तिकिटावर सीमेपलीकडच्या साल्झबुर्ग स्टेशनापर्यंतही जाता येतं. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गची युक्ती तिथल्या मराठी घरांत एकमेकांना सांगितली जाते. ऱ्हाइनच्या अलीकडे केल या जर्मन गावापर्यंत या तिकिटावर जायचं आणि तिथून नदी ओलांडणारी ट्राम धरायची. ही ट्राम २०१७ पासून आहे. पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना मात्र जवळ हवाच. शेंगेन देशांत सीमेवर तपासणी नसते हे तत्त्व झालं. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनी सीमांवर ती पुन्हा सुरू केली आहे. आणि इथेही मोजणी सुटत नाही. जर्मन परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. लंडनला जायचं तर वेगळा व्हिसा.

या घरांची खरी भटकंती रविवारची असते, कारण त्या दिवशी दुसरं काही करता येत नाही. दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीला १९१९ च्या वायमार राज्यघटनेत संरक्षण दिलं होतं आणि ते कलम १९४९ च्या घटनेने जसंच्या तसं घेतलं. स्टेशनवरची दुकानं, पेट्रोल पंप आणि काही तास बेकऱ्या, एवढंच उघडं. मग डबा घेऊन डोंगर. ब्लॅक फॉरेस्टमधल्या वाटांवर खुणा रंगवायचं काम १८६४ मध्ये स्थापन झालेली तिथली पदयात्री संघटना करते, आणि प्रत्येक फाट्यावर अंतर लिहिलेली पाटी असते. प्रबळगड आणि कर्नाळ्यावर वाट चुकत वाढलेल्या माणसाला हे आधी जरा अळणी लागतं. मूल बरोबर असलं की पाट्यांचं महत्त्व पटतं.

एक सहल मी मुद्दाम सुचवतो, श्टुटगार्टच्या पश्चिमेला असलेल्या काल्वची. पर्यटक तिथे हेर्मान हेसं या कादंबरीकाराचं जन्मगाव म्हणून जातात. कोकणातल्या माणसाने तिथे हेसंच्या आजोबांसाठी जावं. हेर्मान गुंडर्ट १८१४ मध्ये श्टुटगार्टला जन्मले, बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेतर्फे मलबारात राहिले, मल्याळमचं व्याकरण आणि १८७२ मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला आणि १८९३ मध्ये काल्वमध्ये वारले. हेसंची आई तर थलश्शेरीत जन्मलेली. याच बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि ती मंगळुरी कौलं जहाजांतून कोकण किनाऱ्यावर वर सरकत आली. पनवेलच्या जुन्या आळ्यांतली जी कौलारू घरं उरली आहेत, त्यांच्या छपराचा धागा असा या डोंगराळ मुलुखापर्यंत पोचतो. गुंडर्ट यांचाही मुक्काम तात्पुरता ठरला होता की नाही, कोण जाणे. वीस वर्षांहून अधिक काळ राहून ते १८५९ मध्ये परतले.

या सगळ्यात घरच्या फोनची वेळ वर्षातून दोनदा सरकते. उन्हाळ्यात पनवेल साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात. ऑक्टोबरच्या बदलानंतर आजी नेहमीच्या वेळेला फोन घेऊन बसते आणि नातू अजून शाळेतच असतो.

परतताना सगळं उलट्या क्रमाने करायचं. पत्त्याची नोंद रद्द करायची, आणि ती निघण्याच्या फार तर आठवडाभर आधी करता येते. भारतात करात काही सवलत मिळेल ही आशा दोन-तीन वर्षांनी परतणाऱ्यांनी सोडून द्यावी. ‘सामान्य निवासी नसलेला’ हा सवलतीचा दर्जा साधारण त्यालाच मिळतो, जो मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी होता किंवा मागच्या सात वर्षांत ७२९ दिवस वा त्याहून कमी भारतात होता. शाळेत मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे. पण जर्मन शाळा जुलैअखेर सुटते आणि इथलं वर्ष जूनमध्ये सुरू झालेलं असतं. शिवाय २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे घरात मराठी बोलणारं पण लिहायला न शिकलेलं मूल पहिल्याच चाचणीत अडकतं. तिकडे असताना शनिवारी तासभर बाराखडी गिरवून घेणारे आई-बाप त्या वेळी कटकटे वाटलेले असतात.

आणि घर सोडलं तरी घराचा हिशेब मिटत नाही. हीटिंग आणि पाण्याच्या वर्षभराच्या खर्चाचा हिशेब देण्यासाठी घरमालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असते, आणि तोवर अनामतीतली काही रक्कम तो राखून ठेवू शकतो. तेव्हा जर्मन बँकेतलं खातं निघताना बंद करू नये; पनवेलला परतून वर्ष झालं तरी त्या घरातल्या हिवाळ्याचं बिल येऊ शकतं.